‘आपल्यासारखेच’ थायलंड

संपादक महोदय,

सुट्टीचा हंगाम आला की पर्यटन पुरवण्या थायलंडने भरून जातात: बेटे, बाजार, मसाज, स्वस्त तिकिटे. तिथल्या रोजच्या रीतीभाती मात्र ‘अगदी आपल्यासारख्याच’ म्हणून एका वाक्यात उरकल्या जातात. आपली माणसे चुकतात ती नेमकी या साम्यामुळे.

नमस्कारच घ्या. थाई ‘वाइ’मध्ये हातांच्या उंचीवरून मान ठरतो. बरोबरीच्या माणसासाठी हात छातीशी आणि बोटांची टोके हनुवटीपर्यंत. वडीलधाऱ्यांसाठी टोके नाकाशी. भिक्खूंसाठी अंगठे भुवयांच्या मध्ये, शिवाय वाकायचे. आधी धाकट्याने करायचा, मग थोरल्याने उत्तर द्यायचे. भिक्खू उलट वाइ करत नाहीत, तो शिष्टपणा नव्हे. वेटरने किंवा दुकानातल्या मुलीने केला तर हसून मान लववली की पुरे. आपण कपाळापर्यंत हात नेले तर तीच बिचारी अवघडते. स्त्रीने भिक्खूला स्पर्श करायचा नसतो, वस्तूही थेट हातात द्यायची नसते. भिक्खू कापड पसरतात, त्यावर ठेवावी.

देवळाच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, ही आजीची शिकवण तिथे जशीच्या तशी लागू आहे. पण बसताना तळवे बुद्धमूर्तीकडे येऊ नयेत म्हणून दोन्ही पाय एका बाजूला दुमडून मागे घ्यावेत. अनोळखी पोराच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवण्याची आपली सवय मात्र आवरावी, कारण डोके सर्वांत पवित्र मानतात. नाणे गडगडले तर पायाने अडवू नये. त्यावर राजाची मुद्रा असते. राजाच्या अवमानाला कलम 112 खाली 3 ते 15 वर्षे कैद आहे आणि परदेशी म्हणून सूट नाही. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता बागेत, स्थानकावर राष्ट्रगीत लागते, तेव्हा जागीच उभे राहावे.

खरी फसगत जेवणात होते. ‘व्हेज’ म्हटले की मांसाचे तुकडे वगळले जातात, पण ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचे खारट पाणी राहते. आपण मीठ घालतो तसे ते तिथे घालतात. पपईच्या ‘सोम ताम’मध्ये बहुधा सुकी कोळंबीही असते. परतलेल्या भाज्यांत कालवांचा सॉस पडतो. ‘माइ साइ नाम प्ला’ (नाम प्ला घालू नका) एवढे सांगून या पदार्थांचे काही अंशी भागते. त्याऐवजी सोया सॉस मागावा. करीचे तसे नाही. तिच्या वाटणातच ‘कापि’, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, आधीच कुटलेली असते, ती नंतर काढणार कशी?

म्हणून ‘जे’ (कडक शाकाहारी) हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरे, दिसायला साधारण 17 सारखी. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसते, कांदा-लसूणही नाही. ‘मांगसविरत’ शब्दात आपली ‘मांसविरती’ ऐकू येते खरी, पण त्यात अंडी, दूध चालते. जैन प्रवाशांनी ‘जे’वरही डोळे मिटून विसंबू नये: मुळा, गाजर त्यात सर्रास असतात. आणखी एक, ताटातले उजव्या हातातल्या चमच्याने खायचे. डावीकडचा काटा फक्त ढकलायला, तोंडात घालायला नाही. चिकट भात तेवढा बिनधास्त हाताने खावा.

‘सोंगक्रान’ हा शब्द संक्रांतीवरूनच आला, पण सण 13 एप्रिलला सुरू होतो, मेष संक्रांतीचा. रस्त्यावर पिचकाऱ्या चालतात, तरी भिक्खूंवर पाणी उडवू नये. घरच्या वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी हळूच ओततात.

आणि पाकिटावर 2569 साल दिसले तर दचकू नये. तो बुद्धसंवत आहे. 543 वजा केले की आपले साल निघते.

– एक वाचक, ठाणे