वेल्क्रोचे पैसे कुणी देत नाही

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला, तेव्हा मला वाटलं घरी काही झालं. तर तू टीव्हीवर त्या अधू पोराचं आवाहन बघून पाच हजार पाठवून मोकळा झाला होतास. वहिनी मागे नाक ओढत होत्या, आणि तू विचारत होतास, "हे पैसे पोचतात का रे? पोरांना खरंच काही होतं का?" मी झोपेत "होय, झोप आता" म्हणून फोन ठेवला. २२ वर्षं अधू पायांना आधार देणारे कॅलिपर बनवणाऱ्यानं एवढ्यावर भागवणं बरं नाही, म्हणून हे लिहितोय.

पैसे बहुतेक वेळा पोचतात. पण कशासाठी पोचतात ते बघ. टीव्हीला "आधी" आणि "नंतर" लागतं, म्हणून ऑपरेशनला मिळतात. त्यापुढचं कुणी दाखवत नाही.

क्लबफूटचंच घे, म्हणजे जन्मतः पाय आत वळलेलं बाळ. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरच्या पद्धतीनं दर आठवड्याला पाय थोडा सरळ करून नवं प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरं झाली की बहुतेक बाळांचा टाचेमागचा स्नायुबंध बारीक छेद देऊन सैल करतात, आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. दोन-अडीच महिन्यांत पाय सरळ! कॅमेऱ्याला याहून गोड काय हवं? पण आमचं काम तिथून सुरू होतं. दोन बूट आणि मधे दांडी, असा ब्रेस. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर फक्त झोपेत, ते मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. घातला नाही तर पाय पुन्हा आत वळतो.

कवठेमहांकाळकडची एक बाई बाळाला घेऊन यायची. द्राक्षबागेतला रोज बुडवून, दोन गाड्या बदलून. बाळ वाढतं, बूट लहान होतात, वेल्क्रो चिकटेनासा होतो. मग एक दिवस आली ती पाय पुन्हा वळलेलं पोर घेऊन. म्हणाली, "सासूबाईंना बघवेना हो. रात्री रडलं की त्या ते लोखंड काढून टाकायच्या." सासू काही वाईट नव्हती, दिल्या. तिला दया आली, एवढंच. आम्ही पुन्हा पहिल्या प्लास्टरपासून सुरुवात केली.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातपाय ताब्यात न राहणाऱ्या पोराला तर "नंतर" असं काही नसतंच. सहा महिन्यांनी, फार तर वर्षानं, पायाचं माप बदलतं. पुन्हा साचा, पुन्हा प्लास्टिकची शीट तापवायची, पुन्हा पट्टे. त्यात व्यायामाला न्यायचा रोजचा रिक्षाखर्च. यावर गाणं लावून काय आवाहन करणार? शिबिरांतल्या व्हीलचेअरचं तर विचारूच नकोस. सहा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची. पाय लोंबकळतात, पाठ वाकते, फोटो मात्र निघतो. वर्षभरात त्या खुर्चीवर धुणं वाळत असतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता जे तुला कधी सांगितलं नव्हतं ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी एका चॅनेलची माणसं वर्कशॉपमध्ये आली होती, आठ वर्षांच्या एका पोराचं शूटिंग करायला. (त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.) पोरगा तेव्हा कॅलिपर घालून वॉकरवर चालायचा. मोठ्या मेहनतीनं चालायला लागला होता. कॅमेरावाला म्हणाला, "कॅलिपर काढा. रांगत येऊ दे." त्याच्या बापानं माझ्याकडं पाहिलं. मी पट्टे सोडले. मीच सोडले, दिल्या. पोरगं फरशीवरनं रांगत आलं आणि वरून व्हायोलिन वाजलं.

आवाहनाचे पैसे महिन्याभरात जमले, ऑपरेशन झालं, फायदाही झाला. ते आवाहन नसतं तर बापानं जमीन विकली असती, हे खोटं नाही. पण पुढची कितीतरी वर्षं तो "टीव्हीवरचा" म्हणून ओळखला गेला. मारुती रोडला बूट घ्यायला गेला, तर एका बाईनं त्याच्या हातात दहाची नोट ठेवली. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. २०१६च्या कायद्यानं अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, पण जिना काही कायद्यानं उतरत नाही. वर्षभर बाप त्याला पाठीवर घेऊन चढला. वर्ग खाली आणा म्हणून कुणी आवाहन केलं नाही. जिना रडत नाही ना.

आता तो वीस वर्षांचा आहे आणि माझ्यापेक्षा जास्त वाचतो. गेल्या महिन्यात मापाला आला होता, तेव्हा या टीव्हीवरच्या आवाहनांचा विषय त्यानंच काढला. अमेरिकेत जेरी लुईस नावाचा विनोदी नट होता. १९६६ पासून २०१० पर्यंत दर सप्टेंबरात, कामगार दिनाच्या सुट्टीत, रात्रभर टीव्हीवर उभा राहून स्नायू झिजण्याच्या आजाराच्या मुलांसाठी पैसे मागायचा. मुलांना नावच "जेरीज किड्स". पैसे वाया गेले नाहीत. त्यातल्याच ड्युशेन नावाच्या आजाराचं जनुक १९८६ साली सापडलं, त्या संशोधनामागे जेरी ज्या संस्थेसाठी मागायचा तिचाच पैसा होता. पण त्याच मोहिमेसाठी लहानपणी पोस्टरवर झळकलेला माईक अर्विन मोठेपणी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरला, आणि आपल्या गटाचं नाव त्यानं ठेवलं "जेरीज ऑर्फन्स", जेरीचे अनाथ! लंडनमध्ये १९९२ साली अशाच कार्यक्रमाच्या स्टुडिओबाहेर अपंग माणसं जमली, अंगातल्या टी-शर्टवर घोषणा होती "पिस ऑन पिटी". त्यानंतर तो कार्यक्रम पुन्हा झालाच नाही. मी अर्थ विचारला तर पोरगा म्हणाला, "काका, तुमच्या दयेवर मुततो आम्ही." मी रिव्हेट ठोकता ठोकता हसलो. मग तो म्हणाला, "तो व्हिडिओ अजून फोनवर सापडतो. मी काढायला सांगितलं, उत्तर येत नाही." मला ते पट्टे आठवले आणि हातोडी खाली ठेवावी लागली.

तेव्हा तुझे पाच हजार गेले ते जाऊ देत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वेळी मात्र रात्री साडेअकराला टीव्ही बघून नको. दर महिन्याला तीनशे रुपये दे, मी तुला इथल्या दोन पोरांच्या बुटांची बिलं पाठवीन. बिलं बघून वहिनींना रडू येणार नाही, एवढी खात्री देतो.

आणि एक काम आहे. या पोराला ठाण्यात नोकरीचं बोलावणं आलंय. तुझ्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये पेइंग गेस्ट ठेवणारं कुणीतरी आहे म्हणाला होतास ना? मला आठवतंय, तुमच्या लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत. उद्या टेप घेऊन खाली जा आणि मला कळव: एका पायरीची उंची किती, बाजूला धरायला कठडा आहे का, आणि वॉकर वळेल एवढी जागा लिफ्टच्या दारात आहे का. तो पुढच्या सोमवारी निघतोय.

वहिनींना नमस्कार. त्याच्याबरोबर भडंग पाठवतोय.

तुझा,
बाळ्या