काका, मावशी, मनापासून आभार

केळीचे घड ट्रकवर चढवताना माझे मालक, म्हणजे नवरा, पडले, मांडीचं हाड मोडलं. हातावरचं पोट, मजुरी बंद, खोलीचं भाडं थकलं, दुकानदारानं उधारी थांबवली.

कुणीतरी भुसावळच्या चर्चमध्ये कळवलं असावं. तिथून एक काका आणि एक मावशी घरी आले. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम करतो म्हणाले. 1833 मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या या संस्थेची माणसं गरजूंच्या घरी स्वतः जातात. आम्ही ख्रिस्ती नाही. त्यांनी जात-धर्म विचारलाही नाही. भाडं परस्पर घरमालकाला दिलं. रेशनकार्ड, आधार घेऊन काका दवाखान्यात सरकारी योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे रांगेत उभे राहिले, आणि ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं.

मावशी ज्वारीचं पीठ, तूरडाळ आणायच्या ते भाजीच्या साध्या पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून. गल्लीत कळू नये म्हणून. मदत घेताना मान खाली जाते, हे त्यांना न सांगता कळलं. मला याचं मोल भाड्याहून जास्त वाटतं.

नावं लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. मालक आता काठी धरून चालतात. थंडी पडली की दोघांनी भरीत-भाकरी खायला घरी यायचंच.