लाल कानातल्यांची ऑर्डर

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला, फोटोही मोठा करकरून पाहिला. चांदीवरच्या मीनाकामाच्या कानातल्यांचे बारा जोड, सगळे लाल, सगळे एकसारखे, आणि महिन्याभरात हवेत. 'आई, घेऊ ना?' असं विचारलंयस. फोनवर मी 'घे' म्हणून मोकळी झाले असते, तुझा आवाज ऐकून माझ्या तोंडून 'नाही' निघतच नाही. म्हणून मुद्दाम लिहायला बसले. ऑर्डर घे, पण लाल घेऊ नकोस. निदान तुझ्या मनात आहे तो, खालची चांदी चमकताना दिसेल असा पारदर्शक लाल तर मुळीच नको.

तू सहा-सात वर्षांची असशील. माझं टेबल तेव्हा तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी होतं, भट्टी खिडकीखाली. एका बाईंनी चांदीवर लाल पदक मागितलं आणि मी नमुना न काढताच हो म्हणाले. डब्यातली पूड लालच होती की! पहिल्या भाजणीत पदक बाहेर आलं, निवलं, आणि रंग बघते तर विटलेल्या विटेसारखा, कडेला पिवळट. मी वर दुसरा थर दिला. आणखी काळवंडला. मग हट्टाला पेटून तिसरा थर दिला, तोही जाड, आणि मागच्या बाजूला काहीच वाढवलं नाही. रात्री पदक तसंच टेबलावर ठेवून झोपले. मध्यरात्री बारीकसा आवाज झाला, टिंग! तू झोपेत विचारलंस, "काय वाजलं?" मी म्हटलं, "काही नाही गं, खिडकी." खिडकी नव्हती ती. सकाळी पदकावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत केसाएवढी चीर होती. त्या बाईंना काय सांगितलं ते सोडून दे, मला अजून लाज वाटते.

हे असं का होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मीना म्हणजे शेवटी काच, पूड धातूवर भरून भट्टीत वितळवलेली. तिच्यात कोबाल्ट असलं की निळी, तांबं असलं की हिरवी नाहीतर पिरोजी, आणि आपल्याला आवडतात ते बरेचसे पारदर्शक गुलाबी आणि माणकासारखे लाल सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतात. आता ही तापलेली काच चांदीला टेकली की थोडी चांदी तिच्यात उतरते, आणि चांदी काचेला पिवळं करते. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांतला पिवळा रंग आठव. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथले कारागीर काचेवर चांदीचा क्षार लावून, भाजून, तो पिवळा काढत आलेत. त्यांना हवा होता तोच पिवळा आपल्या लालात मिसळतो आणि माती करतो. निळ्या-हिरव्याला त्याचा फारसा त्रास नाही, उलट चांदीवर ते आतून उजळतात. जयपूरच्या मीनाकामातला लाल एवढा गाजला, तो सोन्यावरचा आहे हे लोक विसरतात.

गिऱ्हाईक लालावरच अडून बसलं तर वाट आहे, पण ती वेळखाऊ आहे. आधी चांदीवर बिनरंगी मीन्याचा पातळ थर भाजून घ्यायचा. त्यावर शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख, खाण्याचा असतो तो नव्हे, त्याहून जाड, मीनाकामासाठी मिळतो तो. त्याला बोट लावायचं नाही. दोन पातळ कागदांमध्ये धरून कापायचा, सुईने बारीक भोकं पाडायची म्हणजे खालची हवा निघून जाते, आणि ओल्या कुंचल्याने उचलून ठेवायचा. भाजून काढला की गरम असतानाच गुळगुळीत घोटणीने हलक्या हाताने दाबून बसवायचा. मग त्यावर लाल. असा लाल बघितलास की पुन्हा दुसरा कुठला आवडणार नाही. पण चोवीस नगांवर वर्ख बसवणं म्हणजे काय, ते एकदा एका नगावर करून बघ आणि घड्याळ लावून बघ.

घड्याळावरून आठवलं. तू नगांचा हिशेब केलास, तासांचा केला नाहीस. बारा जोड म्हणजे चोवीस नग. समोरच्या बाजूला चार थर धरले तर शहाण्णव भरण्या. एक नग नीट भरायला, कडा साफ करायला, टिपकागदाने पाणी शोषून घ्यायला पंधरा मिनिटं लागतातच. झाले चोवीस तास, नुसते भरण्याचे. पत्रा कापणं, कानस मारणं, घुमट देणं, भोकं पाडणं, मागचा मीना, भाजणी, शेवटचं घासणं हे सगळं अजून हिशेबात धरलेलंच नाही. आणि काही नग फुकट जाणार, ते वेगळे. मी असल्या ऑर्डरला सहा-सात नग जास्तीचे कापते. तू म्हणशील आईचा हात आता थरथरतो म्हणून. पण पूर्वीही मी जास्तीचे नग कापतच होते.

दुसरी गोष्ट जोडीची. एक कानातलं आज आणि दुसरं उद्या भाजलंस तर ती जोडी होत नाही. एकाच डब्यातली, एकाच वेळी खललेली आणि धुतलेली पूड, दोन्ही नग भट्टीत शेजारी-शेजारी, एकदमच आत आणि एकदमच बाहेर. पारदर्शक रंगात दहा-पंधरा सेकंदांचाही फरक दिसतो, आणि कानात घातल्यावर लोक दोन्ही कानांकडे बघतातच. बारा जोड एकमेकांशी अगदी तंतोतंत जुळायला हवेत असं मात्र कुणाला कबूल करू नकोस. जोडीतले दोन जुळतील एवढंच सांग. तंतोतंत हवं असेल तर त्यांनी छापील रंगाचं घ्यावं, स्वस्तही पडेल.

पत्रा तू कुठला वापरणार ते लिहिलंच नाहीस. मीन्याखाली ९९९ चीच, म्हणजे शुद्ध चांदी घे. ती ९६२ अंशांना वितळते, आणि आपण भाजतो ७८० ते ८२० च्या दरम्यान, दीड-दोन मिनिटं. म्हणजे हाताशी जागा राहते. ९२५ मध्ये साडेसात टक्के तांबं असतं. ती ८०० अंशांच्या थोडं पुढेच वितळायला लागते, आणि तांब्याच्या ऑक्साइडचे राखी डाग पारदर्शक मीन्याखालून डोकावतात. तापवून आम्लात टाकायची, घासायची, पुन्हा तापवायची, असं चार-पाच वेळा करून वर शुद्ध चांदीचा थर आणता येतो, मी वर्षानुवर्षं केलंय. पण तुझ्याकडे महिनाच आहे. हूक मात्र ९२५ चेच कर, ९९९ कानात वाकतात. आणि हूक अडकवायचं भोक आधीच पाड. मीना चढल्यावर त्या नगाला झाळायचं नाही, बर्नर जवळसुद्धा न्यायचा नाही. अठरा मिलिमीटरची चकती, ०.६ मिलिमीटर जाडीची घेतलीस तर मीन्यासकट एक कानातलं दोन ग्रॅमच्या आसपास बसेल. याहून जड करू नकोस, बायका घालून घालून कपाटात टाकतात.

मागच्या बाजूचा मीना टाळायचा मोह होतो, मला माहीत आहे. दिसत नाही, वेळ खातो. पण निवताना चांदी काचेपेक्षा जास्त आकसते. एकाच बाजूला काच असली की पत्रा वाकतो आणि मग एक दिवस टिंग. ती चीर कधी दोन तासांनी पडते, कधी दोन दिवसांनी, पाकिटात घालून पाठवल्यावरसुद्धा. मागे पुढच्याइतकाच जाड थर हवा, थोडा कमी चालेल, पण हवाच. पूड चाळणीने भुरभुरवतेस तेव्हा मास्क लाव आणि टेबल ओल्या फडक्याने पूस, फुंकर मारू नकोस. काचेची धूळ छातीत जाते. जुन्या डब्यांपैकी काहींत शिसंही असेल, ते डबे मी वेगळे काढून ठेवलेत, तुला देणार नाही.

आणि पूड धू गं. तुझा तो निळा नमुना धुकट दिसतोय तो भट्टीमुळे नाही. खलात डिस्टिल्ड पाणी घालून ढवळ, जड कण खाली बसेपर्यंत थांब, वरचं दुधाळ पाणी ओतून टाक. पुन्हा पाणी घाल. सात-आठ वेळा, पाणी आरपार दिसेपर्यंत. ती बारीक भुकटी आत राहिली तर रंग कितीही चांगल्या कारखान्याचा असो, धुरकटच निघणार. ओतलेलं पाणी बेसिनमध्ये नको, बादलीत. भुकटी तळाशी बसू दे, मागच्या बाजूच्या मीन्याला ती चालते.

भरून झाल्यावर नग भट्टीच्या माथ्यावर ठेव, पूर्ण वाळेपर्यंत. घाई केलीस तर उरलेलं पाणी वाफ होऊन पुडीचे टवके उडवतं. भट्टीचं दार उघडून पाहायला भिऊ नकोस, घड्याळापेक्षा डोळा खरा. आधी पूड काळपट दिसते. मग दाणेदार साखरेसारखी गोळा होते. मग संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे राहतात, आणि अचानक सगळं सपाट होऊन लालभडक, ओलं दिसतं. तो क्षण. लगेच बाहेर. बाहेर आल्यावर मात्र रंगावर विश्वास ठेवू नकोस. गरम असताना निळाही काळा दिसतो आणि हिरवाही तपकिरी. मी पहिल्या वर्षी दोन चांगले नग 'बिघडले' म्हणून पुन्हा भट्टीत घातले आणि खरोखर बिघडवले. खुर्चीत बस, हात मांडीखाली ठेव. एक-दोन मिनिटांत रंग कडेकडून आत परत येतो. इतकी वर्षं झाली, मी अजून उठून दुसरं काम करत नाही त्या वेळात.

तर गिऱ्हाइकाला असं विचार: लाल हवा असेल तर सोन्याच्या वर्खावरचा, चारच जोड, दर वेगळा. बारा जोड हवे असतील तर निळे नाहीतर हिरवे, आणि महिन्याऐवजी सात आठवडे. आधी एक नमुना जोड पाठवते, तो पसंत पडल्यावर आगाऊ रक्कम घेते, मग कामाला लागते. हे ऐकून ते मागे फिरले तर फिरू देत. 'घेतलं असतं तर' असं तुला वाटेल, मला माहीत आहे, आठवडाभर वाटेल.

माझ्या नमुन्याच्या पट्ट्या तुला पाठवते आहे, सगळ्या, एकूण एकतीस. प्रत्येकीच्या टोकाला कोरी चांदी सोडली आहे, तिथे सुईने अंश आणि सेकंद खरवडलेत. रंगाचं नाव वहीत आहे, वहीसुद्धा त्याच खोक्यात. चौदा नंबर हा त्या पदकाच्या वेळचा लाल आहे, नुसत्या चांदीवरचा. पंधरा नंबर तोच डबा, तेवढेच अंश, खाली वर्ख. दोन्ही शेजारी ठेवून उजेडात फोटो काढ आणि त्यांना पाठव. तुला फार बोलावं लागणार नाही.

तुझी,
आई

ता. क. फोटोत मागे ठेवलेल्या चकत्या गुलाबी दिसताहेत. आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घातलास ना? आधी हुकांची ९२५ त्यातच बुडवली असशील, तिचं तांबं आम्लात उतरलं आणि लोखंड लागताच सगळ्यांवर चढलं. चिमटा काढ, प्लॅस्टिकचा घे, आणि आम्ल नवं कर. नवं करताना पाण्यात आम्ल घाल, आम्लात पाणी नाही. चकत्या काचतंतूंच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली घास. गुलाबी छटा पूर्ण गेल्याशिवाय मीना भरू नकोस.