पुरवणीतली उलटी वाट

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने आणि दुसऱ्यांदा धास्तीने. बीहाइव्ह टेकडीवर आधी मागच्या ‘बोल’ तळ्याच्या बाजूने चढावे आणि मग पुढच्या कड्यावरच्या लोखंडी कड्या धरत सँड बीचकडे उतरावे, म्हणजे ‘समुद्र सतत डोळ्यांसमोर राहतो’, असा सल्ला लेखकाने दिला आहे. समुद्र डोळ्यांसमोर राहत नाही. त्या कड्यावरून उतरणाऱ्याचे तोंड कातळाकडे आणि पाठ समुद्राकडे असते, आणि ज्याचे तोंड समुद्राकडे असेल त्याच्यासाठी घरच्यांनी देव पाण्यात ठेवावेत.

ही फेरी जेमतेम दीड मैलाची आहे, हे लेखात बरोबर आहे. पण तिची पुढची बाजू केवळ चढण्यासाठीच वापरावी आणि उतरताना तळ्याची सोपी वाट घ्यावी, असे उद्यानाचे प्रशासनच सांगते. ग्रॅनाइटच्या अरुंद कपारी, त्यांच्यामध्ये ठोकलेल्या कड्या आणि एका फटीवर टाकलेले लोखंडी गज, एवढाच काय तो रस्ता. समोरासमोर आलेली दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतील अशा जागा त्यात मोजक्याच आहेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या सप्टेंबरात बोस्टनला लेकीकडे गेलो असताना आम्ही बापलेक ती वाट चढलो. मी सदुसष्ट वर्षांचा असून माझे गुडघे माझ्याहून थोडे मोठे आहेत, तरीही चढणे अवघड वाटले नाही, कारण पुढची कडी डोळ्यांसमोर असते आणि हात आपसूक तिच्याकडे जातो. निम्म्याहून वर पोहोचलो असताना वरून चौघांचे एक कुटुंब उतरताना दिसले आणि माझी टोपी पाहून की काय, त्यातील गृहस्थ शुद्ध मराठीत म्हणाले, “काका, जरा बाजूला होता का?” परदेशात मातृभाषा कानांवर पडली की भरून येते म्हणतात. मला मात्र एवढेच दिसत होते की, बाजूला होणे म्हणजे अटलांटिकच्या दिशेने होणे.

शेवटी आम्हा दोघांनाच दहाबारा कड्या मागे उतरावे लागले, आणि त्या वाटेने उतरणे म्हणजे काय हे मला तेव्हा कळले. पाय ठेवायची जागा आपल्याच पोटाआड जाते, बूट हवेत चाचपडत राहतो आणि हातांतले बळ निष्कारण खर्च होते. रुंद कपारीवर पोहोचल्यावर पाहतो तो त्या गृहस्थांच्या पत्नी वर मध्येच थिजून उभ्या होत्या. मी पुन्हा चार कड्या चढून त्यांचा एकेक पाय धरून कडीवर टेकवला. अनोळखी बाईंचे पाय धरण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग असून शेवटचाही असावा अशी इच्छा आहे. या सगळ्यात अर्धा तास गेला, आणि आमच्या खाली तोवर वीसेक माणसांची रांग लागली होती.

‘आमच्या हरिहर किल्ल्याला चढउतार एकाच पायऱ्यांनी होते’ असे कोणी म्हणेल. हरिहरला पायऱ्यांत हात अडकवायला खोबणी कोरलेल्या आहेत, आणि तेथेही जाणते लोक उतरताना तोंड कातळाकडेच ठेवतात. शिवाय येथे मागे सोपी वाट असताना हा हट्ट कशासाठी?

याच लेखात टेकडीची उंची ‘520 मीटर’ छापली आहे. ती 520 फूट, म्हणजे सुमारे 158 मीटर आहे. 520 मीटर असती तर मी सँड बीचवर वर्तमानपत्र वाचत बसलो असतो. अर्थात आपले नव्हे. शेजारच्या प्रेसिपिसची वाट ‘जूनमध्ये अवश्य करावी’ असेही लेखक लिहितात. ती वाट बहिरी ससाण्यांच्या विणीसाठी वसंत ऋतूपासून साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. जूनमध्ये तेथे पोहोचणाऱ्या वाचकाने नेमके काय करावे, हे लेखकाने ससाण्यांना विचारून कळवावे.

उन्हाळ्यात मुलांकडे जाणारे आमच्यासारखे आईबाप आपली पुरवणी कात्रण काढून सोबत नेतात. तेव्हा दुरुस्ती याच रविवारी, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. राशिभविष्याखाली दोन ओळींत नको.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे