सुकुमार राय यांचे चित्र गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० ऑक्टोबरला बंगाली बालकवी आणि चित्रकार सुकुमार राय यांची जयंती. त्यानिमित्त बालपुरवणीत त्यांच्या कवितेचा अनुवाद घेणार असाल, तर सोबतचे त्यांचेच चित्र कृपया गाळू नका. जागा भरायला नेटवरचे तयार कार्टून टाकले की कविता लंगडी पडते. त्यांच्या ‘आबोल ताबोल’ या कवितासंग्रहातली ‘खिचुडी’च घ्या. बदक आणि साळिंदर एकत्र झालेला प्राणी शब्दांत आहेच, पण ते दोघे एकमेकांत मुरतात कसे, ते रेषेतच दिसते.

रायबाबू छपाईतलेही पक्के जाणकार होते. १९११ साली शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन ते ब्लॉक (चित्रे छापायचे ठसे) बनवण्याचे आणि छपाईचे तंत्र शिकले. परतल्यावर वडील उपेंद्रकिशोर यांच्या ‘संदेश’ मासिकात लिहू लागले, चित्रे काढू लागले. १९१५ मध्ये वडील गेल्यावर संपादनही अंगावर आले. पुढे काळ्या आजाराने अंथरुण धरले, तरी ‘आबोल ताबोल’ची मांडणी त्यांनी स्वतःच केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले, वय अवघे ३५. पुस्तक त्यानंतर नऊ दिवसांनी निघाले. इतक्या जिवापाड जुळवलेल्या पानातून निम्मा भाग काढून टाकणे बरे नव्हे.

छापताना घोटाळा होतो तो असा. चित्र बहुधा मोबाइलवरून आलेले जेपीजी असते. ते ताणून मोठे केले की साळिंदराचे काटे राखाडी होतात, छपाईच्या प्लेटवर त्या राखाडीचे ठिपके पडतात आणि रेष तुटते. त्यापेक्षा जुनी बंगाली प्रत मिळवा. आपल्या नागपुरात धंतोलीतल्या एखाद्या बंगाली घरी विचारून पाहावे. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके), ग्रेस्केल म्हणजे राखाडी छटांऐवजी लाइन आर्टवर, म्हणजे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून टिफ फाइल ठेवा. थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या छटेपर्यंत काळे धरायचे ती मर्यादा, जास्त झाला तर काटे एकमेकांना चिकटतात, कमी झाला तर गळतात. म्हणून सगळ्यात बारीक रेषेवर नजर ठेवून तो ठरवावा. चित्र फक्त काळ्या प्लेटवर, शंभर टक्के. काळा छपाईच्या चारही रंगांत विभागला गेला, तर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांच्या प्लेटची जुळणी, केसभर हलले तरी रेषेला रंगीत किनार येते. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, तेव्हा चित्र एका कॉलमात कोंबू नये.

मूळ कविता-चित्रांच्या कॉपीराइटची अडचण नाही, मृत्यूनंतरची ६० वर्षे केव्हाच उलटली. अनुवाद अलीकडचा असेल तर अनुवादकाची परवानगी आणि नाव मात्र हवेच.

आपले,
छपाई व्यवसायातील काही वाचक, नागपूर