एएसओ वाढला म्हणजे काय?

सांधे सुजले म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका दवाखान्यात नातवाचे रक्त तपासले. एएसओ (स्ट्रेप्टोकोकस या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांचा आकडा) वाढलेला, घरात रडारड. मग बालरोगतज्ज्ञांनी समजावले, हा आकडा घशाला स्ट्रेप्टोकोकसची लागण होऊन गेल्याचे सांगतो, संधिवाताचा ताप (अशा घसादुखीनंतर सांधे आणि हृदयाला होणारा आजार) किती गंभीर हे नाही. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या दाह, म्हणजे अंगातली सूज, दाखवतात. पण हृदय थकू लागले की ईएसआर उलट उतरू शकतो आणि आजार बरा झाला समजून आपण खूश! हृदयाच्या झडपांचे खरे कळते इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर). ५ ते १५ वयातली घसादुखी विडी वळणाऱ्या आयांना (माझी सूनही त्यातलीच) किरकोळ वाटते. हा आजार झालेल्या मुलांचे, पुन्हा लागण टाळणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन, सहसा दर २१ दिवसांनी, चुकू नये म्हणून महापालिकेच्या शाळांनी नोंद ठेवावी.

– एक आजोबा, सोलापूर