विषय : वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच अँटेनावर बसवलेल्या लॅपटॉपबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या कंपनीचा लॅपटॉप मी दादरच्या दुकानातून घेतला. तो अजून वॉरंटीत आहे, बिलाची प्रत सोबत जोडली आहे. मी लालबागला राहते आणि दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. घर लहान, आत टीव्ही आणि कुकर, खाली गाड्यांची वर्दळ. माइकवाला ब्लूटूथ हेडफोन लावल्याशिवाय माझा तास होत नाही.

वाय-फायवर तास चालू असताना हेडफोन जोडला की आवाज तुटतो. पूर्ण बंद पडत नाही, मध्येच एखादा शब्द गळतो. गणितात तेवढ्यानेही घात होतो. एका मुलीने ‘उणे तीन’ असं उत्तर दिलं, माझ्या कानात फक्त ‘तीन’ आलं. मी पुन्हा विचारल्यावर ती बिचारी घाबरली आणि बरोबर सोडवलेलं गणित खोडून पहिल्यापासून मांडायला लागली. बोर्डाच्या वर्षात मुलांचा आत्मविश्वास असा डळमळलेला मला चालत नाही.

तुमच्या कॉल सेंटरने आधी ड्रायव्हर अपडेट करायला लावला, मग हेडफोनला दोष दिला, मग आमच्या इमारतीतल्या राउटरांना. हाच हेडफोन, याच खोलीत, याच वाय-फायवर माझ्या फोनला जोडला तर एक शब्द गळत नाही. लॅपटॉपला लॅन केबल लावून वाय-फाय बंद ठेवलं तरी हेडफोन नीट चालतो. वाय-फायवर साधा वायरचा इअरफोन लावला तरी तास सुरळीत होतो. बिघाड होतो तो वाय-फाय आणि ब्लूटूथ ही दोन्ही एकदम चालली की, आणि फक्त तुमच्या लॅपटॉपमध्ये.

शेवटी ‘ड्युअल बँड राउटर घ्या, ५ गिगाहर्ट्झवर जा’ असा सल्ला मिळाला, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरपट्ट्यांवर चालणारा राउटर. राउटर घेतला. त्याचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क फोनवर दिसतं. लॅपटॉपच्या यादीत येतच नाही, कारण त्यातलं वाय-फायचं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. तुमच्या मॉडेलमध्ये काय बसवलंय हे तुमच्याच माणसाने न पाहता सल्ला द्यायचा आणि भुर्दंड मी सोसायचा, याचा मला मनापासून संताप आला आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी मागचं झाकण समोर उघडायला लावलं. आत छोटंसं कार्ड, त्यावर अँटेनाच्या वायरी जोडायच्या दोन बारीक सोनेरी टिकल्या. एकीला स्क्रीनच्या बिजागरीतून आलेली काळी वायर, दुसरी मोकळी. ‘या मॉडेलला एकच वायर येते, वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही तिच्यावरच,’ असं तंत्रज्ञाने सांगितलं. खरं सांगितल्याबद्दल त्यांचे आभार, त्यांच्यावर कृपया कारवाई करू नका.

ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमधल्या, म्हणजे त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं. गजबजलेली चॅनेल टाळायची सोय त्यात २००३ च्या १.२ आवृत्तीपासून आहे, म्हणून शेजाऱ्यांच्या राउटरांवर सगळं ढकलता येणार नाही. पण त्याच पट्ट्यातलं वाय-फाय त्याच अँटेनातून पाठवत असेल, तर तेवढा वेळ ब्लूटूथला थांबावंच लागतं. एका नळावर दोन बिऱ्हाडं, तशी गत. दुकानात गाणं लावून दाखवलं तेव्हा हे कळलं नाही, कारण गाण्याचा आवाज थोडा आधी साठवून ठेवता येतो आणि हुकलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. बोलताना तेवढी सवड नसते, तुकडा वेळेत आला नाही की गेला.

खोक्यावर ‘वाय-फाय’ आणि ‘ब्लूटूथ’ एवढंच छापलं आहे. अँटेना एकच असल्याचा, ५ गिगाहर्ट्झ नसल्याचा उल्लेख कुठेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचा दर्जा जाणून घेण्याचा मला हक्क आहे. हे आधी समजलं असतं तर मी हे मॉडेल घेतलंच नसतं.

तरी दुसरी अँटेना आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारं कार्ड विनामूल्य बसवून द्यावं. ते जमत नसेल तर लॅपटॉप बदलून द्यावा किंवा पूर्ण पैसे परत करावेत. तुमच्या सल्ल्याने घेतलेल्या राउटरची किंमतही मिळावी, त्याचं बिल जोडलं आहे. आणि या मॉडेलच्या खोक्यावर ही माहिती स्पष्ट छापावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकदम वापरूनच आज घरून काम करणाऱ्यांचं पोट चालतं.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली ग्राहक,
लालबाग, मुंबई

सोबत : लॅपटॉप व राउटरच्या बिलांच्या प्रती, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, उघडलेल्या लॅपटॉपचा फोटो